वाढदिवस : कागदावरचा आणि सुगीतला

गेल्या १ जूनला आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शुभेच्छांचा नुसता पाऊस पडला. माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, पोस्टमन, शिवाय माझे वडील. साऱ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी! शहरातल्या मित्राने ते पाहून विचारले, "तुमच्या गावात सगळे मुहूर्त धरून जन्मतात का रे?" मी हसलो खरा, पण ते मनाला लागले.

'वाढदिवस' या शब्दाचा विचार मी तेव्हापासून करू लागलो. इंग्रजीतला बर्थडे सरळ जन्माचा दिवस सांगतो. हिंदीतली 'वर्षगाँठ' आणि फारसीतून आलेला 'सालगिरह' यांत दर वर्षी दोऱ्याला मारलेली एक गाठ आहे. आपल्या शब्दात जन्म नाही, गाठही नाही. आहे ती वाढ. संस्कृत 'वृध्' धातूपासून आलेली. 'वर्धापन' त्याच घरातला, पण तो आता संस्थांच्या वाट्याला गेला आहे. गंमत अशी, की आपण नारळ फोडला तरी 'वाढवला' म्हणतो आणि बांगडी फुटली तरी 'वाढली' म्हणतो. अशुभ उच्चारायचे नाही म्हणून. मग आयुष्यातले एक वर्ष सरले त्या दिवसालाही वाढदिवस म्हणावे, हे मराठी स्वभावाला धरूनच झाले!

असो. वडिलांची तारीख गुरुजींनी लिहिली. आजी सांगते, "तुजा बाप दुष्काळानंतर पाचव्या सालच्या सुगीत झाला. ज्वारी काढाया लागली व्हती." दुष्काळ म्हणजे १९७२ चा. शाळेच्या दाखल्यात सुगी लिहिता येत नाही. जूनमध्ये शाळा सुरू होते, सहा वर्षे पूर्ण दिसली पाहिजेत, म्हणून १ जून. आजीच्या हिशेबाने वडील कागदावर आठ-नऊ महिन्यांनी मोठे झाले. पुढे एका भरतीत त्यांचे वय दोन महिन्यांनी जास्त भरले आणि अर्ज परत आला. वडील तो विषय काढत नाहीत.

गुरुजींना मी दोष देणार नाही. त्यांनी तारीख लिहिली नसती तर वडील शाळेतच गेले नसते, आणि मग मीही या कॉलेजात आलो नसतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालीच झाला होता. तो आमच्या वस्तीपर्यंत चालत आला नाही, हा दोष कोणाचा? आता तर १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलाला शाळेत घालायचे तर जन्मदाखलाच पुरावा. चांगलेच आहे. पण उसाच्या फडात, कोपीवर जन्मलेल्या पोराची नोंद कोण करणार? त्याचे आईबाप कारखान्यावर, गाव दोनशे किलोमीटर लांब. दाखला मागणाऱ्याने आधी त्या कोपीपर्यंत गेले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यंदा ज्वारी काढायला आली की लेकाला ओवाळायचे, असे आजीने ठरवले आहे. वडील नको म्हणतात. ऐन कामाच्या दिवसांत कसला वाढदिवस!