टायपिंगचा क्लास लावावा का?

मैत्रिणींनो, सिडकोतल्या एका भगिनीनं विचारलंय, "मुलं शाळेत गेली की दुपारचे दोन तास मोकळे मिळतात. मराठी टायपिंग शिकावं म्हणते. पण घरचे म्हणतात, आता बोललं की मोबाइलच लिहितो, फी कशाला घालवतेस?"

घरच्यांचं अगदीच चुकलं असं नाही, बरं का. गुगलनं 2017 साली मराठीत बोलून लिहिण्याची सोय आणली. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅट-जीपीटी आलं, आणि आता अर्जाचा मसुदासुद्धा यंत्र करून देतं. गोदरेजचा टाइपरायटर 1955 साली आला नि 2009 साली बनायचा थांबला, तेव्हा बोटांचा वेग निदान संगणकावर कामी आला. आता बोटांचंच काम यंत्रानं घेतलंय. म्हणून पानामागे पैसे घेऊन नुसतं टाइप करण्यावर घरखर्चाचा हिशेब मांडू नका, हे स्पष्टच सांगते.

मग क्लास नकोच का? नोकरी करायची असेल तर जरूर लावा. सरकारी लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचं प्रमाणपत्र अजून लागतं. मात्र फी भरण्याआधी वयाची अट पाहून घ्या.

घरबसल्या काम हवं असेल, तर तपासणी शिका. यंत्र आवाज ऐकतं आणि त्याच्याजवळच्या मजकुरात जो शब्द जास्त जुळतो तो लिहितं. 'दिन' आणि 'दीन' कानाला सारखेच! आपल्या वाळूजचं आडनावातलं 'वाळुंज' होऊ शकतं. गोष्टीच्या पुस्तकात हे खपेल. जमिनीच्या कागदात गावाचं नाव, गट नंबर किंवा वारसाचं नाव चुकलं, तर त्या माणसाला कचेरीचे हेलपाटे! तेव्हा मूळ कागद कुणाला तरी मोठ्यानं वाचायला सांगा, आपण छापील प्रतीवर पेन्सिल फिरवा. आकडे एकेक अंक सुटा वाचायचा. नवव्या इयत्तेतली मुलगी असली तर तिला बसवा, तिचंही शुद्धलेखन सुधारेल.

दर ठरवताना टायपिंगचे इतके, तपासणीचे इतके, असं वेगळं सांगा. संकोच करू नका. वकिलाला फी देताना कुणी घासाघीस करतं का? आणि कुणाचं मृत्युपत्र, खरेदीखत, आधार क्रमांक त्याला विचारल्याशिवाय फुकटच्या ॲपमध्ये घालू नका.