स्क्रीनवर बॅटरी फुल, आणि आई लिफ्टमध्ये अंधारात

पोस्ट लांब आहे. पण तुमच्या सोसायटीत, शाळेत, दवाखान्यात किंवा शेतावर गेल्या दोन-तीन वर्षांत सोलरची मोठी बॅटरी बसली असेल, तर शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

मे महिन्यातली गोष्ट. माझी आई खराडीत धाकट्या बहिणीकडे असते. वय ७४, दोन्ही गुडघे गेलेले. बिल्डिंग सात मजली. तीन दिवस ढगाळ होतं, चौथ्या दिवशी दुपारी वळीव आला आणि साडेचारला वीज गेली. कोणाला काळजी नव्हती, कारण सोसायटीने सहा महिन्यांपूर्वीच जुना डिझेल जनरेटर काढून गच्चीवर सोलर आणि मीटर रूममध्ये भली मोठी लिथियम बॅटरी बसवली होती. लिफ्ट चालू, जिन्यातले दिवे चालू, कॅमेरे चालू. सातच्या सुमारास आई खाली देवळात जायला लिफ्टमध्ये शिरली. चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबली आणि अख्खी बिल्डिंग काळोखात गेली.

पस्तीस मिनिटं. दाजी आणि वॉचमन यांनी किल्ली शोधून, दार उघडून तिला वर ओढून काढलं तोवर ती खाली बसून घामाने थबथबलेली होती. वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारं एआरडी नावाचं यंत्र असतं. या लिफ्टलाही आहे. पण त्याची छोटी बॅटरी बाद झालेली होती आणि कमिटीने ती बदलली नव्हती. का? तर "आता एवढी मोठी बॅटरी आणलीय, ही कशाला?"

मी शिरूरला असतो. बहिणीचा फोन आला तसा निघालो. नेहमीप्रमाणे वाघोलीत अडकलो आणि नऊला खराडीत पोचलो. तेव्हा वीज आलेली होती, कमिटी मीटर रूममध्ये जमलेली होती आणि सेक्रेटरी साहेब मोबाईलमधला फोटो सगळ्यांना दाखवत होते. दुपारी वीज जायच्या आधीचा, इन्व्हर्टरच्या स्क्रीनचा. बॅटरी फुल! बसवणाऱ्याला फोन लावला. उत्तर ठरलेलं: "साहेब, बॅटरीतच फॉल्ट असेल, कंपनीत क्लेम टाका."

मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलाय, इलेक्ट्रिकलचा नाही. पण वीस वर्षं तालुक्यात बातमीदारी केल्यावर एक गोष्ट कळते. जो माणूस जागेवर न येता फोनवर कारण सांगतो, त्याचं कारण तपासून घ्यावं. शिरूरच्या ओळखीतला आयटीआय झालेला एक पोरगा सोलरची कामं करतो. रविवारी त्याला बाईकवर मागे बसवून आणला. पाऊण तासात त्याने जे दाखवलं ते सांगतो. लक्ष देऊन वाचा, कारण हेच तुमच्याकडेही असू शकतं.

बॅटरी म्हणजे ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरचे आठ डबे, जोडून सुमारे ४१ युनिट वीज साठवणारे. लिफ्टला तीन फेज लागतात म्हणून तीन इन्व्हर्टर. माल चांगला, वायरिंग ठीक. पोराने पहिल्या इन्व्हर्टरचं बटण दाबून 'बॅटरी टाइप' उघडला. तिथे लिहिलेलं: ट्युब्युलर. म्हणजे आपल्या घरातली ती पाणी टाकायची शिसे-ॲसिडची बॅटरी. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर तेच. कारखान्यातून जसे निघाले तसेच भिंतीवर लावलेले!

यात बिघडलं काय? तर दोन बॅटऱ्यांचा स्वभाव वेगळा. ५१.२ व्होल्ट म्हणजे ट्युब्युलरच्या हिशेबाने १२.८ व्होल्टच्या चार बॅटऱ्या, म्हणजे जवळपास पूर्ण भरलेल्या. लिथियम फेरो फॉस्फेटच्या हिशेबाने हेच ५१.२ व्होल्ट म्हणजे सोळा सेल, प्रत्येकी ३.२ व्होल्ट, म्हणजे बॅटरी वीस टक्क्यांच्या आसपास. इन्व्हर्टरला कोणी सांगितलंच नव्हतं की तुझ्यापुढे लिथियम आहे. त्याने ट्युब्युलर समजून आकडा काढला आणि 'फुल' दाखवलं. यंत्र खोटं बोललं नाही, त्याला चुकीची ओळख करून दिली होती.

दुसरी गोष्ट. सोसायटीचा सामाईक लोड रोज संध्याकाळी बॅटरीवर जायचा, बिल वाचावं म्हणून. बॅटरी उतरली की महावितरणच्या विजेवर परत जायचं, पण किती उतरल्यावर? सेटिंग ४६ व्होल्ट. लिथियमसाठी ४६ म्हणजे सेलला २.९ पण नाही, म्हणजे विहिरीचा तळ. बॅटरी रोज रात्री तळाला जायची आणि सकाळी फक्त उन्हावर भरायची, कारण तिसरी सेटिंग होती 'चार्जिंग फक्त सोलर'. तीन दिवस ऊन नाही, मग भरणार कशी?

चौथी गोष्ट. इन्व्हर्टरची स्वतः बंद व्हायची पातळी ४२ व्होल्ट. पण प्रत्येक डब्यात बीएमएस म्हणजे बॅटरीचा राखणदार असतो. सेल धोक्याच्या खाली जायला लागले की तो डबा तोडून टाकतो. तो ४२ च्या आधीच तोडतो. म्हणजे इन्व्हर्टरने ओरडून सांगायच्या आत राखणदाराने दार लावून घेतलं. ना भोंगा, ना सूचना. लिफ्टची मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली बसलं आणि एका झटक्यात सगळं बंद. त्या लिफ्टमध्ये माझी आई होती.

आणि पाचवी गोष्ट ऐकून मला हसावं की रडावं कळेना. बॅटरी आणि इन्व्हर्टर यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून एक केबल येते. ती जोडली असती आणि दोघांची भाषा जुळवली असती, तर खरी टक्केवारी स्क्रीनवर आली असती. ती केबल मीटर रूमच्या कोपऱ्यात, खोक्यात, प्लास्टिकच्या पिशवीत होती. पिशवीचं सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

पोराने बॅटरीसोबत आलेला कागद समोर ठेवून आकडे बदलले. चार्जिंग ५६ व्होल्ट, फ्लोट ५४, इन्व्हर्टर बंद ४८ ला, ५१ च्या खाली गेलं की लोड परत महावितरणवर. ऊन नसेल तर ग्रिडवरून चार्जिंग चालू. चार्जिंगचा करंट त्याने मुद्दाम आवरता ठेवला, प्रत्येक इन्व्हर्टरला ४० अँपिअर. मी विचारलं, बॅटरी जास्त घेते ना? म्हणाला, "दादा, बॅटरी घेईल, पण सोसायटीचा मंजूर भार घेईल का? तीन मिळून साडेसहा किलोवॅट नुसतं चार्जिंगला जाणार, वर लिफ्ट आणि पंप." मग केबल जोडली. स्क्रीनवर खरा आकडा आला: २३ टक्के.

(हे आकडे त्या बॅटरीचे आहेत. कृपा करून तुमच्याकडे जसेच्या तसे टाकू नका. तुमच्या बॅटरीचा कागद काढा, त्यावरचे आकडे घ्या आणि जाणकाराकडूनच बदलून घ्या.)

आता मुद्द्यावर येतो. पंधरा लाखांच्या आसपास खर्च झालेल्या कामात बटणं दाबण्याचा पाऊण तास कोणालाच का सापडला नाही?

बसवणाऱ्याला शिव्या देणं सोपं आहे आणि त्याची चूक आहेच. पण कोटेशनं मी पाहिली. तीन कोटेशनं, तिन्हींत पॅनेल किती, इन्व्हर्टर किती, बॅटरी किती, दर किती. सेटिंग, चाचणी, सभासदांना समजावून सांगणं, याची ओळच नाही. कमिटीने सर्वात खालचा दर उचलला. ज्या पोरांनी भिंतीवर डबे लावले ती रोजंदारीवर, संध्याकाळी दुसरी साइट. जे काम आपण विकत घेतलंच नाही, ते कोणी फुकटात करणार आहे का? आपण खोकी विकत घेतो. खोक्यातलं काम विकत घेत नाही.

आणि हे कुठे घडतंय? खराडीत! जिथे इऑन पार्क आहे, वर्ल्ड ट्रेड सेंटर आहे, जिथे बसून आपली पोरं परदेशातल्या बँकांची सॉफ्टवेअर सांभाळतात. त्या सोसायटीत निम्मे सभासद आयटीतले. ऑफिसात एक ओळ बदलली तरी टेस्टिंग झाल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. घरच्या लिफ्टचं टेस्टिंग मात्र माझ्या आईवर झालं.

आम्ही लहान गावातली माणसं लोडशेडिंगमध्ये तयार झालो. २००६ साली 'पुणे मॉडेल' आलं. कारखान्यांनी आपले जनरेटर चालवायचे, त्यांची वाचलेली वीज शहराला द्यायची, जादा खर्च शहरातल्या ग्राहकांच्या बिलात. नियामक आयोगाने मंजुरी दिली, पुणं उजळलं. आम्ही तेव्हा अंधारात बातम्या लिहीत होतो. पण त्या अंधाराने आम्हाला एक शिकवलं. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर कधी टाकायचं, इन्व्हर्टर किती वेळ चालतो, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असायचं. यंत्र साधं होतं आणि ते आपलं होतं. आता यंत्र हुशार झालं आणि मालक अडाणी राहिला, कारण पासवर्ड बसवणाऱ्याच्या खिशात. आमच्याही वेळी पासवर्ड मिळवायलाच चार दिवस गेले.

शहाणपण हवं असेल तर आयटी पार्ककडे बघू नका, दरेवाडीकडे बघा. पुणे जिल्ह्यातली डोंगरातली छोटी वस्ती. २०१२ साली 'ग्राम ऊर्जा' या पुण्याच्या संस्थेने तिथे सोलर आणि बॅटरीवर चालणारं गावाचं स्वतःचं वीजजाळं उभं केलं. घरटी मीटर लावले, वसुली आणि कारभार गावाच्या हाती दिला, आणि पुढे बॅटरी बदलायला लागेल म्हणून त्यासाठी पैसे बाजूला ठेवायची सोय पहिल्यापासून केली. तिथल्या लोकांनी खोकी घेतली नाहीत, व्यवस्था घेतली.

सरकारलाही सोडणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. घराला ७८ हजारांपर्यंत अनुदान, सोसायटीला सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार. चांगली गोष्ट आहे. पण अनुदान मोजतं किलोवॅट. ग्रिडला जोडलेलं साधं सोलर वीज गेली की आपोआप बंद पडतं, लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून. हे किती जणांना आधी सांगितलं जातं? कळल्यावर लोक बॅटरीकडे वळतात. तिकडे जनरेटरचे धुराचे नियम जुलै २०२३ पासून कडक झाले, नवा जनरेटर महागला, म्हणूनही सोसायट्या बॅटरीकडे वळतात. वळावंच. मी बॅटरीच्या विरोधात नाही. पण लिफ्टला परवाना लागतो, वायरमनला परवाना लागतो, आणि त्याच लिफ्टचा जीव ज्या आकड्यांवर अवलंबून आहे ते आकडे मात्र कोणाच्याही कागदावर नाहीत.

म्हणून माझ्या मागण्या. सरकारकडे नंतर, आधी तुमच्या-माझ्या कमिटीकडे:

१. कोटेशनमध्ये 'सेटिंग आणि चाचणी' ही वेगळी ओळ हवी, तिचे पैसे वेगळे द्यायचे.
२. सगळे आकडे एका कागदावर, मराठीत, तारीख आणि सहीसकट, इन्व्हर्टरशेजारी चिकटवलेले हवेत.
३. पासवर्ड सोसायटीच्या ताब्यात. मालक आपण आहोत.
४. शेवटचे दहा टक्के पैसे चाचणीनंतरच. दिवसाढवळ्या, सगळ्यांना आधी सांगून, मेन स्विच बंद करून दोन तास चालवून दाखवा. लिफ्ट रिकामी वरखाली फिरवा.
५. एआरडीची छोटी बॅटरी कधीही काढायची नाही. मोठी आली म्हणून छोटीचं काम संपत नाही.

काही जण म्हणतील, सामान्य सभासदाला हे काय कळणार? अहो, मला कळलं. गॅस सिलिंडर आला की आपण वजन करून घेतो, सील बघतो. पंधरा लाखांच्या बॅटरीपुढे आपले हात का थरथरतात?

कमिटीला मी हे सगळं तोंडावर सांगितलं. चेअरमन साहेब भले माणूस आहेत, ऐकून घेतलं, एआरडीची बॅटरी त्याच आठवड्यात बदलली. बसवणाऱ्याने मात्र अजून चूक मान्य केलेली नाही.

आई बरी आहे. पण तेव्हापासून ती लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही. पाचव्या मजल्यावरून कठडा धरून, प्रत्येक मजल्यावर टेकत उतरते, आणि चढायचं म्हणून देवळात जाणंच कमी केलंय. बहीण रोज समजावते, "अगं, आता सेटिंग नीट केलीय." आई म्हणते, "तेव्हाही फुल दाखवत होतं ना?"

या रविवारी तुमच्या मीटर रूममध्ये जा. सेक्रेटरींना एवढंच विचारा: इन्व्हर्टरमध्ये बॅटरी टाइप काय ठेवलाय? त्यांना सांगता आलं नाही, तर ही पोस्ट सोसायटीच्या ग्रुपवर टाका. माझं नाव नाही टाकलं तरी चालेल.