तपासणी शाळेत, जबाबदारी घरात

महाराष्ट्र शासनाच्या आरोग्य विभागाने फेब्रुवारी २०२३ मध्ये शून्य ते अठरा वर्षे वयाच्या मुलामुलींच्या आरोग्य तपासणीची मोहीम हाती घेतली, तेव्हा तिला नाव दिले 'जागरूक पालक, सुदृढ बालक'. या नावात पालक आधी येतो आणि बालक नंतर. शासकीय मोहिमांची नावे बहुधा घोषणेपुरती असतात. येथे मात्र नावानेच नेमके निदान केले आहे. मुलाला तपासायला डॉक्टर लागतो, परंतु त्या तपासणीचे फळ मुलाच्या पदरी पडायचे असेल तर घर जागे असावे लागते. ते तसे नसेल तर उत्तमातील उत्तम तपासणीही कागदावरच राहते.

व्यवस्था मुळीच नाही, अशी तक्रार आज करता येणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. जन्मजात व्यंगे, पोषणातील उणिवा, बालपणीचे आजार आणि वाढीतील विलंब अशा चार अंगांनी हा कार्यक्रम मुलांकडे पाहतो. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांची वर्षातून एकदा तपासणी व्हावी, अशी त्याची रचना आहे. मुंबई महापालिकेच्या शाळांसाठी पालिकेची स्वतःची शालेय आरोग्य यंत्रणा आहे. परंतु गिरगाव-दादरमधील मध्यमवर्गीय घरांतील पुष्कळशी मुले आता विनाअनुदानित शाळांत जातात आणि राष्ट्रीय कार्यक्रमाच्या या रचनेत ती येत नाहीत. 'ही तपासणी गोरगरिबांच्या मुलांसाठी. आमचे घरचे डॉक्टर आहेत', असा समज या वर्गात रुजलेला आहे. घरचे डॉक्टर मात्र मुलाला ताप आला की आठवतात. ताप उतरवणे हे एक काम आणि ताप नसताना मूल नीट पाहणे हे दुसरे काम. त्या दुसऱ्या कामासाठी दवाखान्याची पायरी चढणारी कुटुंबे थोडी.

जेथे शाळेत तपासणी होते, तेथेही तिची मर्यादा समजून घेतली पाहिजे. एका दिवसात शेकडो मुले पाहणाऱ्या पथकाला एकेका मुलासाठी मोजकी मिनिटे मिळतात. तेवढ्या वेळात पथक शंका नोंदवू शकते, निदान करू शकत नाही. 'नेत्रतज्ज्ञांना दाखवावे', 'हृदयाची तपासणी करावी' अशी चिठ्ठी मुलाच्या हाती पडते आणि तेथे शाळेचे काम संपते. पुढचे सारे कुटुंबाकडे येते. चिठ्ठी दप्तरातच राहिली, किंवा 'परीक्षा झाली की बघू' म्हणून कपाटात गेली, तर तपासणी झाली काय आणि न झाली काय, सारखेच.

मध्य मुंबईच्या बाबतीत ही उदासीनता अधिकच खटकते. परळच्या परिसरात १९२६ पासून केईएम रुग्णालय उभे आहे, त्याच्या शेजारी १९२९ पासून खास बालकांसाठी बाई जेरबाई वाडिया रुग्णालय आहे आणि जवळच १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आहे. बिहार, बंगालपासून लोक आपली मुले घेऊन येथे येतात आणि परळच्या पदपथावर रात्री काढतात. लालबाग-परळच्या मुलाला त्याच दारापाशी पायी पोहोचता येते. इतके जवळ असूनही जे घर उशिरा पोहोचते, त्याने अंतराचे कारण सांगण्यात अर्थ नाही.

उशीर म्हणजे काय?

उशिराचा अर्थ काही उदाहरणांतून स्पष्ट होतो. पहिले उदाहरण डोळ्याचे. एका डोळ्याची नजर जन्मापासून अधू असलेले मूल कधी तक्रार करत नाही. त्याला जग तसेच दिसते. दुसरा डोळा सारे काम निभावून नेतो आणि मेंदू अधू डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. यालाच 'आळशी डोळा' म्हणतात. साधारण सात-आठ वर्षांच्या आत चष्मा मिळाला, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधली, तर नजर पुष्कळ सुधारते. ते वय उलटले की यशाची शक्यता झपाट्याने कमी होते. शाळेतील तक्त्याने ही उणीव पकडली तरी पट्टी रोज बांधायची असते ती घरी, रडणाऱ्या मुलाची समजूत काढत. ते काम आई-वडील आणि आजी-आजोबांचेच.

दुसरे उदाहरण रक्तक्षयाचे, म्हणजेच ॲनिमियाचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षे वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये आणि ३१ टक्के मुलग्यांमध्ये रक्तक्षय आढळला. हा केवळ उपाशी घरांचा आजार असता तर आकडा इतका मोठा झाला नसता. 'हल्ली अभ्यासात लक्ष नाही', 'सारखी लोळत असते' असे जिच्याविषयी बोलले जाते, त्या मुलीचे हिमोग्लोबिन किती, हे कित्येक सुशिक्षित घरांनाही ठाऊक नसते. किशोरवयीनांसाठी लोह व फॉलिक ॲसिडची निळी गोळी आठवड्यातून एकदा देण्याची योजना आहे. ती घेतल्यावर शौचाचा रंग काळपट होतो, क्वचित मळमळते. एवढ्यावरून घाबरून गोळी बंद करायला सांगणारे पालक आहेत. रिकाम्या पोटी गोळी न घेणे, जेवणाला लागून चहा न पिणे, पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळणे या साध्या गोष्टी गोळीइतक्याच मोलाच्या आहेत, आणि त्या शाळेत नव्हे, स्वयंपाकघरात घडतात.

तिसरे उदाहरण हृदयाचे. घशाच्या विशिष्ट जंतुसंसर्गानंतर काही मुलांना ऱ्हुमॅटिक ताप येतो. सांधे सुजतात, दुखणे एका सांध्यातून दुसऱ्यात सरकते आणि पुढे हृदयाच्या झडपा निकामी होऊ शकतात. तपासणीत हृदयाचा वेगळा आवाज ऐकू आला आणि हाच आजार निश्चित झाला, तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. मूल हसत-खेळत असताना हा क्रम न चुकवणे ही कुटुंबाच्या शिस्तीची कसोटी आहे. ती शिस्त सुटली तर पुढे झडपेच्या शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

सव्वाशे वर्षांपूर्वीचा धडा

तपासणी आणि कुटुंब यांचे नाते तुटले तर काय होते, हे या शहराने एकदा अनुभवले आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतर ब्रिटिश प्रशासनाने रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा मार्ग धरला. घरोघर झडत्या सुरू झाल्या. रुग्ण एकदा नेला की परत दिसणार नाही, या भीतीने घरे रुग्ण लपवू लागली. ऑक्टोबर १८९६ मध्ये संतप्त गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या साथरुग्णालयावर हल्ला चढवला. तेच आजचे कस्तुरबा रुग्णालय. मार्च १८९८ मध्ये विणकरांच्या वस्तीत एका बारा वर्षांच्या मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. मुलीला परपुरुषाने तपासू नये, एवढीच घरच्यांची मागणी होती. रोग घातक होता आणि तपासणी आवश्यक होती, यात शंका नाही. परंतु घराला शत्रू मानून केलेली तपासणी अखेर निष्फळ ठरते.

याच शहरात त्याच वर्षांत दुसरी वाटही दिसली. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस घेतली. विश्वास निर्माण झाला तसे लोक आपण होऊन पुढे आले. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली, आणि हाफकिन संस्था आजही तेथे आहे. आजच्या राष्ट्रीय कार्यक्रमातील तपासणी पथकात एक पुरुष आणि एक स्त्री डॉक्टर असावेत, असा नियम आहे. तेव्हा जे मागावे लागले, ते आता व्यवस्थेने मान्य केले आहे. आता पुढे येण्याची पाळी कुटुंबांची आहे.

लपविण्याची सवय

परंतु लपविण्याची सवय पूर्णतः गेलेली नाही. तिचे कारण तेवढे बदलले आहे. आता भीती शिपायाची नसून सोयरिकीची असते. मुलीला चष्मा लागला, मुलाला फिट येते, रक्ततपासणीत थॅलेसीमियाचा वाहक असल्याचे दिसले, की 'बाहेर बोलू नका' असा निरोप घरात फिरतो. थॅलेसीमियाचा वाहक हा रुग्ण नसतो; तो सामान्य आयुष्य जगतो. मात्र पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात अपत्याला गंभीर थॅलेसीमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि अशा बालकाला जन्मभर रक्त चढवत राहावे लागते. पत्रिका जुळवणाऱ्या घरांनी रक्ताचा हा एक अहवालही जुळवून पाहिला तर पुढच्या पिढीचे दुःख टळेल. दडवलेली माहिती मात्र दोन घरांना फसवते.

किशोरवयात आणखी एक पथ्य आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला डॉक्टरांशी काही वेळ एकट्याने बोलू द्यावे. शासकीय रुग्णालयांतील 'मैत्री क्लिनिक' याच हेतूने सुरू झाली. पाळीच्या तक्रारी, मनाची उदासी, व्यसनाची सुरुवात या गोष्टी आई-वडिलांसमोर पटकन बोलल्या जात नाहीत. पालकांचा सहभाग म्हणजे पाळत नव्हे. मूल जे सांगेल ते न ओरडता ऐकून घेता येणे, हाही या सहभागाचाच भाग आहे.

याचा अर्थ दिसेल ती चाचणी करून घ्यावी, असा मुळीच नाही. 'संपूर्ण शरीर तपासणी'ची सवलतीची जाहिरात पाहून निरोगी मुलाच्या पन्नास चाचण्या करणे हा आरोग्याचा नव्हे, बाजाराचा विचार आहे. उंची, वजन, नजर, श्रवण, दात, रक्तदाब, गरजेनुसार हिमोग्लोबिन आणि लसीकरणाची नोंद एवढे बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने नियमित झाले, तरी पुष्कळ झाले.

शिबिरानंतरचे काम

गिरगावात केशवजी नाईक चाळीतील गणेशोत्सव १८९३ पासून चालत आला आहे. लालबागची मंडळे तर जगाला ठाऊक आहेत. ही मंडळे, व्यायामशाळा आणि महिला मंडळे आरोग्य शिबिरे भरवतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु शिबिराचे यश किती मुले तपासली यावर मोजले जाते. ते किती मुले पुढील उपचारापर्यंत पोहोचली यावर मोजले गेले पाहिजे. पंधरा दिवसांनी त्या घरी पुन्हा जाणे, हातावर पोट असलेल्या आईचा रोज बुडणार असेल तर मुलासोबत रुग्णालयात रांगेत उभे राहणे, आणि मुलाच्या आजाराची वाच्यता चौकात न करणे, हे कार्यकर्त्याचे खरे काम. चाळीत हे काम शेजार करत असे. चाळी पाडून मनोरे उभे राहत आहेत आणि बंद दारांआड कोणाचे मूल खंगते आहे, हे शेजाऱ्याला कळेनासे झाले आहे. म्हणून आता तेच काम ठरवून, नेमून घेऊन करावे लागेल.

आपल्या परंपरेने अन्नप्राशनापासून उपनयनापर्यंत मुलाच्या वाढीचा प्रत्येक टप्पा कुटुंबाच्या साक्षीने साजरा केला. त्यामागे मुलाकडे त्या त्या वयात सर्वांनी मिळून लक्ष देण्याची दृष्टी होती. ती दृष्टी कायम ठेवून प्रत्येक वाढदिवसाच्या आठवड्यात मुलाची आरोग्य तपासणी करण्याची आणि तिची वही घरात जपण्याची प्रथा मराठी घरांनी पाडावी. तिला खर्च फारसा नाही, मुहूर्तही पाहावा लागत नाही. औक्षणाच्या ताटातील निरांजनाच्या उजेडात मुलाचा चेहरा सारे घर कौतुकाने पाहते. त्याच आठवड्यात एकदा तो चेहरा डॉक्टरांनीही पाहिला, तर त्या औक्षणाचा हेतू खऱ्या अर्थाने पूर्ण होईल.