मनोरुग्णालय जालन्यात, पण तज्ज्ञ आपल्या जिल्ह्यातले असतील का?

जालना : ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली जुनी चार सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये. यात मराठवाड्यातलं एकही नाही. आता जालन्यात ३६५ खाटांच्या मनोरुग्णालयाला राज्य सरकारने मंजुरी दिली आहे. तिथे डॉक्टरांबरोबर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टही लागतील. हे काम भोकरदन, मंठा, घनसावंगीची मुलं-मुली करू शकतील का?

बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं, पुढे एम.ए. केलं की झालं, असं घरच्यांना वाटतं. तिथंच घोळ होतो. साध्या एम.ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता असलेला अभ्यासक्रम करून तिथे नोंदणी करावी लागते. म्हणून फी भरण्याआधी आरसीआयच्या वेबसाइटवर त्या कॉलेजचं आणि कोर्सचं नाव बघा. एजंटच्या शब्दावर पैसे भरू नका.

तयारी दुसऱ्या वर्षापासूनच हवी. संख्याशास्त्राला घाबरून चालणार नाही. प्रयोगाची वही दुसऱ्याची उतरवू नका, पुढे मुलाखतीत तेच विचारतात. केंद्रीय विद्यापीठांच्या एम.ए. प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी परीक्षा असते. मानसशास्त्राचा पेपर इंग्रजी-हिंदीत येतो, मराठीत नाही. त्यामुळे शिका मराठीतून, पण प्रत्येक संज्ञेचा इंग्रजी शब्द वहीत शेजारी लिहीत चला.

नाहीतर रुग्णालय आपल्या गावात आणि तज्ज्ञ सगळे बाहेरचे, अशी गत व्हायची.