काळ्या मातीवरचा आरोप

विदर्भातल्या उत्खननांविषयी एक मत वर्षानुवर्षे ऐकू येते. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरची वस्तू खाली जाते, पावसाळ्यात माती फुगून सगळे घुसळून निघते; तेव्हा तिच्या साक्षीला अर्थ नाही. मडकी, मणी, लोखंड उचलावे आणि माती टाकून द्यावी. हे मत अर्धे खरे आहे, म्हणूनच ते जास्त नुकसान करते.

भेगा पडतात हे कोण नाकारील? या मातीतले स्मेक्टाइट खनिज ओले झाले की फुगते, वाळले की आकसते. पण ही घुसळण आपला ठसा मागे ठेवते. खड्ड्याच्या भिंतीत घासून चकचकीत झालेले तिरके पृष्ठभाग दिसतात. ते कुठे आहेत, कुठे नाहीत हे पाहिले की कोणता थर ढवळला गेला याचा अंदाज येतो. भेगेतून खाली गेलेल्या कोळशावरून थराचे वय ठरवणे चूक, हे मान्य. पण तो कोळसा भेगेतून आला हे माती वाचल्याशिवाय कळणार कसे? आक्षेप घेणारेच इथे मातीची बाजू मांडतात.

नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळे रिव्हेट-कार्नाक यांनी एकोणिसाव्या शतकातच खणली. पुढे शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड इथे काम केले. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली. शिळावर्तुळांखालच्या दफनांनी आपल्याला लोहयुगातले मृत दाखवले. जिवंत माणसे कुठे राहत, गुरे कुठे बांधत, हे जमिनीलाच विचारावे लागते. शेणामुताने मातीत फॉस्फेट वाढते. तुडवलेली जमीन, राखेचे पदर, गवताच्या सिलिकाचे कण राळेत घट्ट केलेल्या मातीच्या ०.०३ मिलिमीटर जाडीच्या कापात सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. असा नमुना एकदा ढिगाऱ्यात गेला की परत मिळत नाही.

हवामानाचेही तसेच. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या डी. के. पाल यांनी काळ्या मातीतल्या चुनखडीच्या खड्यांत भेद केला: काही आजच्या कोरड्या हवेत घडणारे, काही जुन्या, अधिक ओल्या काळातले. शेतकरी ज्या खड्यांना कंटाळतो, त्यांत पावसाचा इतिहास आहे. लोणार सरोवराच्या गाळातही दोन दीर्घ अवर्षणकाळ दिसले: सुमारे ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचे.

इथे मातीच्या उत्साही समर्थकांनाही अडवले पाहिजे. पाऊस आटला की संस्कृती बुडाली, असे समीकरण मांडायची घाई नको. लोणारच्या त्याच दुसऱ्या कोरड्या काळात रामटेकजवळच्या नंदिवर्धनला वाकाटकांची राजधानी होती. गाळ पावसाचे सांगतो. माणसांनी त्यावर काय तोड काढली, ते वस्तीच्या थरांतच शोधावे लागते.

नागपुरात मृदा संस्था आहे आणि विद्यापीठात पुरातत्त्वाचा विभाग आहे. शिळावर्तुळांच्या आसपास मुरूम खणला जातो, शेते सपाट होतात. वेळ थोडा आहे. यापुढे जो कोणी विदर्भात उत्खनन करील, त्याने पहिल्या दिवसापासून मृदाशास्त्रज्ञ सोबत घ्यावा आणि प्रत्येक थराची माती नोंद करून जपून ठेवावी.