फडावरचीं मुलें

दिवाळी सरली कीं आमच्या हातकणंगले तालुक्यांतील साखर कारखान्यांचीं धुराडीं पेटतात, आणि बीडकडील वंजारी, बंजारा, मातंग मजूर येथें कोप्या घालतात. आई पहाटे कोयता घेऊन फडांत. तान्हें पाचटावर, आठ वर्षांच्या बहिणीच्या हवालीं. ज्या वयांत दिवसांतून चार वेळां मऊ अन्न हवें, त्या वयांत त्यास कोऱ्या चहांत बुडविलेली शिळी भाकरी मिळते, हें आम्ही दर हंगामास पाहतों.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानें सहा वर्षांपर्यंतच्या मुलांस अंगणवाडीचा आहार फुकट आहे. पण नांव गांवीं, मूल येथें! सर्वोच्च न्यायालयानें 13 डिसेंबर 2006 रोजीं सांगितलें कीं, ज्या वस्तींत अशीं 40 मुलें असून अंगणवाडी नाहीं, तेथें मागणीपासून तीन महिन्यांत ती द्यावी. मोठ्या तळावर चाळीस मुलें सहज भरतात. मात्र डिसेंबरांत अर्ज केला तर मार्च उजाडेल, आणि कोप्या मोडूं लागतील. तेव्हां टोळ्या उतरल्या त्याच आठवड्यांत ग्रामपंचायतीनें अर्ज द्यावा. मुकादमास त्याची गरज वाटत नाहीं. 1917 सालीं सक्तीचें मोफत शिक्षण देणाऱ्या शाहू छत्रपतींच्या मुलखांत एवढा कागद जड नसावा. तोंवर गांवच्या अंगणवाडींतील पंगतींत हीं मुलें बसवावीं. कांहीं गांवकरी कुरकुरतील, कुरकुरूं द्यावें.