विश्लेषण : न्हावा शेवाचे टर्मिनल थांबवणारा सायबर हल्ला निव्वळ ‘अपडेट’ने का टळला नसता?

जून २०१७ च्या अखेरीस न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया (जीटीआय) या टर्मिनलची संगणक यंत्रणा ठप्प झाली. कंटेनरची कामे हाताने नोंदी करून चालवावी लागली, मालाची कोंडी झाली. हल्लेखोरांचे लक्ष्य मात्र नवी मुंबई नव्हतेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच बंदरातील दुसऱ्या टर्मिनलला, जेएनपीसीटीला, रॅन्समवेअरचा फटका बसला. तुर्भे, रबाळे, महापे येथील कंपन्यांच्या सर्व्हरसाठी २०१७ ची घटना आजही महत्त्वाची का आहे?

युक्रेनमधील हल्ला न्हावा शेवापर्यंत कसा आला?

युक्रेनमध्ये करभरणा आणि हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘एम.ई.डॉक’ या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम २७ जून २०१७ रोजी पसरला. तेथे कार्यालय असलेल्या डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीच्या जाळ्यात तो शिरला. जीटीआय चालवणारी एपीएम टर्मिनल्स ही मर्स्क समूहातीलच कंपनी. खंडणीची मागणी हा केवळ देखावा होता. पैसे भरूनही माहिती परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. अमेरिका आणि ब्रिटनने २०१८ मध्ये यासाठी रशियन लष्कराला जबाबदार धरले.

दुरुस्ती उपलब्ध होती, मग काय चुकले?

नॉटपेट्याने वापरलेल्या विंडोजमधील त्रुटीवर मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दुरुस्ती दिली होती. पण त्याच्याकडे दुसरा मार्गही होता. विंडोजवर लॉगइन केलेल्या व्यक्तीच्या ओळखीचा तपशील संगणकाच्या मेमरीत राहतो. नॉटपेट्या तो उचलत असे आणि त्याच ओळखीने शेजारच्या संगणकांवर, विंडोजच्या नेहमीच्या प्रशासकीय साधनांतून, स्वतःला चालवत असे. सर्व्हरच्या दृष्टीने हा अधिकृत प्रशासकच! त्यामुळे दुरुस्ती केलेले संगणकही वाचत नसत. एखाद्या कर्मचाऱ्याचा प्रिंटर चालत नाही म्हणून आयटी विभागातील माणूस त्याच्या संगणकावर मुख्य प्रशासकाच्या खात्याने लॉगइन करतो, हे दृश्य आपल्याकडच्या कार्यालयांत नवे नाही. तेवढ्यानेच साऱ्या जाळ्याची किल्ली त्या टेबलावर राहते.

घानातील एका सर्व्हरची गोष्ट काय?

कोण आत येऊ शकतो आणि कोणाला काय करता येईल, हे ठरवणारा सर्व्हर म्हणजे डोमेन कंट्रोलर. ‘वायर्ड’ या अमेरिकी नियतकालिकाच्या वृत्तानुसार, मर्स्कचे सुमारे १५० डोमेन कंट्रोलर एकमेकांची प्रत ठेवत असत. एक गेला तर दुसरा आहे, असा हिशेब होता. सगळेच एकदम जातील हे कोणी धरले नव्हते. वाचला तो घानामधील एक, कारण हल्ल्याआधी तेथे वीज गेली होती! मर्स्कला ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभारावे लागले; नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचे झाले. भारनियमनाने कोणाचे भले झाल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. जाळ्यापासून तोडलेली प्रत हाच खरा बॅकअप.

सर्व्हरवर कोणते नियम लावायला हवेत?

पहिला, मुख्य प्रशासकाचे खाते फक्त डोमेन कंट्रोलरवर वापरायचे. साध्या संगणकांवर त्याचे लॉगइन ‘ग्रुप पॉलिसी’तून रोखायचे. दुसरा, प्रत्येक संगणकाच्या स्थानिक प्रशासकाचा पासवर्ड वेगळा हवा. मायक्रोसॉफ्टचे ‘लॅप्स’ हे साधन त्यासाठीच आहे. २०२३ पासून ते विंडोजमध्येच अंतर्भूत आहे. पण अनेक ठिकाणी सगळ्या संगणकांवर एकच पासवर्ड असतो, कारण तो लक्षात ठेवायला सोपा. बाहेरून येणाऱ्या लॉगइनला, मग तो व्हीपीएन असो वा रिमोट डेस्कटॉप, दुसरी पडताळणी हवीच.

दर ४२ दिवसांनी पासवर्ड बदलायला लावणे ही विंडोज डोमेनची मूळ मांडणी. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने मात्र जून २०१७ मध्येच अशी ठरावीक मुदतीची सक्ती नको, असे सांगितले. सक्ती केली की माणसे जुन्याच पासवर्डच्या शेवटी एक आकडा वाढवतात. त्यापेक्षा लांब पासवर्ड बरा.

कायदा काय सांगतो?

‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, तसेच यंत्रणांच्या नोंदी म्हणजे लॉग १८० दिवस जपावे लागतात. वैयक्तिक माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लॉग त्याच सर्व्हरवर ठेवले असतील तर हल्ल्यात तेही जातात आणि सहा तासांत कळवायचे तरी काय, हा प्रश्न उरतो. म्हणून ते वेगळ्या यंत्रावर हवेत, आणि मुख्य प्रशासकालाही ते पुसता येऊ नयेत.